तारा बाई, १:७२ – एका गस्ती बोटीच्या मॉडेलच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

आज प्लॅस्टिकार्डची (मॉडेलसाठीच्या प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याची) पहिली शीट कापली, म्हणून नोंदी इथून.

काम कुणासाठी, ते आधी लिहितो. आमच्या घराकडून उतार संपला की वळणावर काकांचं घर लागतं. तटरक्षक दलातून निवृत्त, मूळचे मालवणकडचे, आता कितीतरी वर्षं वास्कोकर. गेल्या चवथीला आमच्या गणपतीच्या बाजूला मी केलेला ट्रॉलर मांडला होता. लोक आले, मूर्तीला नमस्कार केला, ट्रॉलरकडे बघितलं, नेवऱ्या खाऊन गेले. काका ट्रॉलरसमोर उकिडवे बसले ते उठेनात. मग करंगळीच्या नखाने क्लीटवरचा (दोर बांधायच्या खुंटीवरचा) दोरा सोडवला, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा परत गुंडाळला आणि म्हणाले, "आता सुटाचो नाय."

मे महिन्यात ते एक पाकीट घेऊन घरी आले. आत सात-आठ फोटो, रंग उडून तांबूस झालेले. एकात ते तोफेला टेकून उभे, एकात गॅलीच्या (बोटीवरच्या स्वयंपाकघराच्या) दारात ताट हातात धरून, एकात चौघे रेलवर बसलेले. प्रत्येक फोटोत बोटीचा एकेक तुकडा. "सगळे असेच," ते म्हणाले. "खंय माझो हात, खंय तिची नाळ. अख्खी बोट खंयच नाय." (नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक.) तिच्यावर तीन वर्षं काढली, पण ती पूर्ण पाहिली ती फक्त जेट्टीवरून, रजेवर जाताना आणि परत येताना. मला ते फार लागलं. मी तिथेच हो म्हणालो.

बोट आहे 'तारा बाई'. १९८७ मध्ये सिंगापूरच्या गोदीत बांधलेली. या वर्गाच्या सहा बोटी: तारा बाई आणि अहल्या बाई सिंगापूरच्या, पुढच्या चार कोलकात्याच्या. लांबी ४४.९ मीटर, रुंदी सात मीटर, पाण्याखाली दोनएक मीटर, वजन सुमारे २३६ टन, दोन डिझेल इंजिनं, वेग २६ नॉट. पुढे एक ४० मिमीची बोफोर्स तोफ. तटरक्षक दलाने छोट्या गस्ती बोटींना स्त्रियांची नावं दिली ही मला नेहमीच आवडलेली गोष्ट आहे. आधीच्या वर्गात जिजाबाई आणि चांदबीबी, नंतर आमच्या गोवा शिपयार्डने बांधलेल्या वर्गात सरोजिनी नायडू, कस्तुरबा गांधी, सावित्रीबाई फुले. आणि मध्ये ही ताराबाई, हंबीरराव मोहित्यांची लेक, जिने १७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर औरंगजेबासमोर राज्य तोलून धरलं. वेगवान, लहान आणि सतत फिरती राहणारी बोट. नाव शोभतं तिला.

प्रमाण १:७२ ठरवलं. लांबी ६२४ मिमी, रुंदी ९७. काकांच्या दिवाणखान्यातल्या शोकेसवर मावेल आणि माणूस २४ मिमीचा होईल, म्हणजे दार, शिडी, रेल डोळ्याला कळतील इतके मोठे.

१४ जून, शनिवार

नकाशा. या बोटीचा किट मला कुठे मिळाला नाही आणि मूळ ड्रॉइंगही नाही. हाती आहेत ते बाजूने काढलेले काही फोटो आणि लांबी-रुंदीचे आकडे. फोटोवरून माप काढताना कॅमेऱ्याजवळचं टोक मोठं दिसतं, लांबचं लहान. म्हणून शक्य तितका बरोबर काटकोनात काढलेला फोटो निवडायचा, एकूण लांबीला ६२४ धरायचं आणि त्यावरून मास्ट (डोलकाठी), ब्रिज (बोट चालवायची खोली), तोफ यांच्या जागा काढायच्या. एवढ्यावर बाहेरची रेषा जमते. डेकवर काय कुठे होतं ते जमत नाही.

त्यासाठी काका. संध्याकाळी नकाशा पसरला तेव्हा त्यांनी चष्मा लावला, बघितलं आणि बाजूला ठेवला. कागदावरचं त्यांना काही सांगता येईना. मग मी सरळ विचारलं, "दारातून आत जाताना पाय किती उचलायचात?" ते खुर्चीतून उठले आणि उचलून दाखवला. मी टेप लावली: उंबरठा २४ सेंटिमीटर. पाणी आत येऊ नये म्हणून जहाजाच्या दाराला असा उंच उंबरठा असतो, हे मला ठाऊक होतं. तो नेमका किती, ते त्यांच्या नडगीला ठाऊक होतं. मॉडेलवर ३.३ मिमी.

तासभर हेच चाललं. रेल कमरेला कुठे लागायची, शिडी चढताना डोकं कुठे वाकवायचं, तोफेपासून ब्रिजच्या दारापर्यंत किती पावलं. ओसरीवर ते चालले, मी खडूने खुणा केल्या. काकी दारात उभ्या राहून बघत होत्या. "ह्येका घरातलो गॅस बंद करूक आठवत नाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती.

घरी येऊन सगळं ७२ने भागलं. फोटोतल्या मापांशी ताडून पाहिलं. तोफेपासून ब्रिजपर्यंतचं अंतर पावलांवरून आणि फोटोवरून दोन मिलिमीटरच्या फरकाने जुळलं.

२२ जून, रविवार

सांगाडा उभा. दर ४८ मिमीवर एक फ्रेम. आमच्या आजोबांकडे होड्या बांधायचे तेव्हा त्याला वांक म्हणत आणि खालच्या कण्याला पठाण. काम तेच, फक्त सागवानाच्या जागी दीड मिमीचं प्लॅस्टिकार्ड. त्यावर पाऊण मिमीच्या पट्ट्या लावत जायच्या, एकदा डाव्या बाजूला, एकदा उजव्या, नाहीतर सांगाडा एका बाजूला ओढला जातो.

नाळेजवळचा फुगवटा अवघड गेला. तिथे बोटीची बाजू वर जाताना बाहेर उमलते, म्हणजे लाट कापल्यावर पाणी डेकवर न येता बाजूला फेकलं जातं. पट्टी दोन दिशांनी वळवावी लागते. गरम पाण्यात बुडवून, बाटलीभोवती बांधून ठेवल्या. तीन मोडल्या, चौथी बसली.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

पुट्टी, घासकाम, पुट्टी, घासकाम. लिहिण्यासारखं नाही.

प्रायमर मात्र बिघडला. बाहेर चार दिवस पाऊस थांबलेला नाही आणि मी स्प्रे मारला. अशा हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंग दुधाळ, पिठूळ पडतो. सगळा घासून काढला. आता जुन्या लाकडी पेटीत ४० वॅटचा बल्ब लावून वाळवणीची पेटी केली आहे. मॉडेल आधी अर्धा तास आत ठेवायचं, बाहेर काढून पातळ हात द्यायचा, लगेच परत आत. गोव्याच्या पावसाळ्यात पांढरं जहाज रंगवायचं तर दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

१३ जुलै, रविवार

पंखे (प्रॉपेलर) आणि सुकाणू. मी आयटीआयमध्ये टर्निंग शिकवतो, म्हणून लेथ हाताशी. पितळी रॉडमधून दोन हब कातले, पाती पितळी पत्र्यातून कापून चांदीच्या डागाने जोडली. दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरतात, त्यामुळे पात्यांचा पीळही उलटा घ्यायचा. एक डावा, एक उजवा.

काकांना दाखवायला नेले. त्यांनी दोन्ही तळहातावर घेतले आणि हात दोन दिशांना फिरवून दाखवू लागले: एक इंजिन पुढे, एक मागे, की बोट जागच्या जागी वळते. अरुंद धक्क्यावर, दोन ट्रॉलरांच्या मध्ये तिला असं आत घालायचे. बोटीचं हे अंग त्यांनी एकदाच पाहिलं होतं, ती ड्राय डॉकमध्ये होती तेव्हा. खाली उतरून वर बघितलं तेव्हा वाटलं, "एवढी मोठी? आणि आमी तिका ल्हान म्हणतंव."

तेव्हाच ठरलं की मॉडेल पाण्याच्या रेषेवर कापायचं नाही. पूर्ण हल, म्हणजे तळासकट अख्खं कवच, ठेवायचा.

२० जुलै, रविवार

आजचा दिवस बोफोर्सचा. हिला एल-६० म्हणतात, म्हणजे नळी व्यासाच्या ६० पट लांब असावी. प्रत्यक्षात ती ५६ पटींच्या थोडी वर आहे, सव्वादोन मीटर. आंधळेपणाने ६० ने गुणलं असतं तर नळी दोन मिमी लांब झाली असती. इतक्या लहान तोफेवर ते लगेच दिसतं. मॉडेलवर ३१ मिमी.

नळीसाठी इंजेक्शनच्या सुया. १८ गेजच्या सुईच्या पोकळीत २१ गेजची सुई बरोबर सरकते, जणू त्यासाठीच केलेली. मागे जाड, पुढे बारीक, आणि टोकाला शंकूच्या आकाराचा फ्लॅश हायडर (आगीचा झोत झाकणारा), तो लेथवर कातला. हा शंकू नसेल तर बोफोर्स ओळखूच येत नाही.

वरून गोळे भरायची जागा करताना काकांना फोन केला. चार-चार गोळ्यांची क्लिप वरून टाकायची, एकेक गोळा दोन किलोच्या आसपास, क्लिप उचलून वळायचं आणि खाली बसवायची, पुढची क्लिप तोवर कुणीतरी हातात दिलेली असते. ते दोन वर्षं भरणाऱ्याच्या जागेवर होते. "बोट डोलता तेव्हां तुझा वजन खंय आसा ता तुका कळूक होया," म्हणाले. भरणाऱ्याच्या पायाखालची फळी मी गुळगुळीत केली होती. फोन ठेवल्यावर तिच्यावर आडव्या पट्ट्या चिकटवल्या, पाय न घसरण्यासाठीच्या. ०.२ मिमी जाड. सहा लावल्या.

३१ जुलै, गुरुवार

काम नाही. वास्कोत दामोदराचा सप्ताह, गावभर गर्दी, घरात पाहुणे. काका भजनाच्या मंडपाबाहेर भेटले. आज मध्यरात्री मासेमारीची बंदीही संपते, तेव्हा खारीवाड्याच्या मासेमारी जेट्टीवर बर्फ आणि डिझेल चढवायची घाई चालू आहे. आम्ही दोघं चालत तिकडे गेलो.

ट्रॉलर बघत काका बोलत राहिले. लोकांना वाटतं गस्त म्हणजे पाठलाग. त्यांच्या तीन वर्षांतली बरीचशी गस्त या अशाच बोटींची होती. कागद बघा, लाइफ जॅकेट मोजा, रेडिओ चालतो का विचारा, वादळाचा इशारा आला की किनाऱ्याकडे हाका. इंजिन बंद पडून वाहत गेलेली बोट शोधायला रात्रभर उजेड फिरवत राहायचं. तटरक्षक दल उभं राहिलं ते मुळात चोरट्या मालाच्या काळजीतून. १९७४ मध्ये रुस्तमजी समिती नेमली गेली, १ फेब्रुवारी १९७७ ला दलाची सुरुवात झाली, १९७८ मध्ये कायदा झाला. पण काकांच्या आठवणीत सोन्याची बिस्किटं नाहीत. त्यांच्या आठवणीत आहे पहाटे सापडलेल्या बोटीवरचा एक म्हातारा तांडेल, ज्याने पाण्याआधी विडी मागितली.

८ ऑगस्ट, शुक्रवार, नारळी पौर्णिमा

बेस कसा करायचा ते माझ्या मनात महिनाभर पक्कं होतं, आणि आज ते मोडलं. नीट लिहून ठेवतो.

तारा बाईचं नाव मला पहिल्यांदा कळलं ते अलोंड्रा रेनबोच्या प्रकरणातून. २२ ऑक्टोबर १९९९ ला हे जहाज इंडोनेशियातल्या कुआला तांजुंग बंदरातून जपानकडे निघालं, पोटात सात हजार टन ॲल्युमिनियम. चाच्यांनी ते पळवलं, सतरा खलाशांना तराफ्यावर सोडून दिलं (ते पुढे थाई मच्छीमारांना सापडले आणि वाचले), जहाजाचं नाव बदलून मेगा रामा केलं आणि ते घेऊन अरबी समुद्रात आले. तटरक्षक दलाच्या विमानाने त्याला हेरलं आणि गाठलं ते तारा बाईने. थांबायला सांगितलं, नाळेपुढून गोळ्या झाडल्या, जहाज थांबेना. मग नौदलाची युद्धनौका प्रहार येऊन मिळाली आणि १६ नोव्हेंबरला पंधरा चाचे शरण आले. शरण येण्याआधी त्यांनी जहाज पेटवायचा आणि बुडवायचाही प्रयत्न केला होता. ४५ मीटरची बोट, समोर तिच्यापेक्षा कितीतरी मोठं मालवाहू जहाज. (ती प्रहार पुढे एप्रिल २००६ मध्ये एका मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन आपल्या गोव्याच्याच समुद्रात बुडाली. माणसं सगळी वाचली. बोगमाळोच्या किनाऱ्यावर उभा राहिलो की मला ती आठवते.)

तेव्हा माझा बेत असा: रेझिनचा (ओतून गोठवायच्या प्लॅस्टिकचा) समुद्र, बोट पूर्ण वेगात, नाळेशी दोन्ही बाजूंनी पांढरी लाट, तोफ वळलेली. हल पूर्ण ठेवायचं कबूल केलं होतं तरी पारदर्शक रेझिनमधून खालचा भाग दिसेल, असा मार्ग मी काढला होता. रेझिन आणूनही ठेवलं. आज नारळ अर्पण करून परतताना काका आले, तेव्हा मोठ्या उत्साहाने स्केच दाखवलं.

त्यांनी ते शांतपणे पाहिलं. मग म्हणाले, "तेव्हां मी तिच्यार नव्हतंय."

पाठलागाच्या खूप आधी त्यांची बदली किनाऱ्यावरच्या कचेरीत झाली होती. बातमी त्यांनी इतरांसारखीच वर्तमानपत्रात वाचली. अभिमान वाटला, पेढे वाटले, आणि रात्री झोप लागली नाही असंही म्हणाले. मी गप्प. त्यांनीच मग एक प्रश्न विचारला, ज्यावर पुढचं सगळं काम फिरलं: "बोट खंय आसा, ता पयला ठरय. समुद्रात की बंदरात?"

कारण मी एन्साइनची, म्हणजे दलाच्या निशाणाची, काठी पार मागे, डेकच्या टोकाला लावली होती. निळं एन्साइन, कोपऱ्यात तिरंगा, बाजूला दलाचं चिन्ह, सगळं बरोबर रंगवलेलं. पण मागच्या काठीवर निशाण असतं ते बोट बंदरात उभी असताना, सकाळी आठला चढतं आणि सूर्यास्ताला उतरतं. बोट चालू लागली की ते मास्टवर, गॅफवर (मास्टच्या तिरक्या काठीवर) जातं. माझी बोट पूर्ण वेगात धावत होती आणि निशाण बंदरातलं. एकाच मॉडेलवर दोन वेगळ्या घडी.

काकांना कुठली घडी हवी, ते विचारलं. त्यांनी जराही विचार केला नाही. पहाटे गस्तीवरून परत आलेली, धक्क्याला लागलेली, गोड्या पाण्याने धुतलेली. सगळं आवरलेलं. आठ वाजले आहेत आणि निशाण नुकतं चढलं आहे. "त्या येळार ती बरी दिसाय."

रेझिन कपाटात ठेवलं.

१७ ऑगस्ट, रविवार

आज माझ्याकडून चूक झाली आणि ती मला पुष्कळ शिकवून गेली.

पांढरा रंग सुंदर उतरला होता. त्यावर मी नेहमीप्रमाणे वेदरिंग केलं. अँकरच्या खाली तांबडा ओघळ, पाणी जायच्या भोकांखाली तपकिरी रेघा, रेलच्या बुडाशी गंजाचे ठिपके. आम्ही मॉडेल करणारी मंडळी हे सगळे करतो. त्याशिवाय जहाज खेळण्यासारखं दिसतं असं आम्हाला वाटतं. ट्रॉलरवर तर ते शोभलंच होतं.

काकांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "गंज? तिच्यार?" एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग सांगू लागले. पांढऱ्या बोटीवर गंजाचा एक ठिपका एक मैलावरून दिसतो. म्हणून रोज सकाळी कुणीतरी हातोडी आणि वायर ब्रश घेऊन कुठेतरी बसलेला असे. ठोकायचं, खरवडायचं, लाल प्रायमर, मग पांढरा. बंदरात असताना बाजूने फळी सोडून तिच्यावर बसून बाहेरचा रंग. समुद्राने रात्री काढलेला रंग सकाळी परत चढवायचा. तीन वर्षं त्यांनी हे केलं, आणि मी दहा मिनिटांत ब्रशने त्या सगळ्या सकाळी पुसून टाकल्या होत्या. हे त्यांनी म्हटलं नाही. मला कळलं.

ओघळ सगळे काढले. थिनरने निघाले ते निघाले, बाकी घासून दोन हात परत. मग विचारलं, मग झीज कुठेच नव्हती का? होती, म्हणाले. पुढच्या फेअरलीडवर, दोर घासतो तिथे धातू चकाकायचा. ब्रिजच्या शिडीच्या कठड्यावर, वळताना सगळे तिथेच हात टाकायचे. आणि गॅलीच्या दाराच्या चौकटीला खांद्याच्या उंचीवर, चहाची वाट बघत टेकून उभे राहायचे तिथे. तिन्ही जागा नकाशावर लिहून घेतल्या. तिथे पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळून धातूची चकाकी दिली. सबंध बोटीवर एवढीच झीज.

आता मी इतरांची मॉडेलं पाहतो तेव्हा आधी विचारतो, या जहाजावर माणसं होती की ते सोडून दिलेलं होतं?

२७ ऑगस्ट, बुधवार

चवथ. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधली. बोट कपाटावर, कापडाखाली.

७ सप्टेंबर, रविवार

तिरके पट्टे, निळा आणि केशरी. मास्किंग टेप लावून रंगवले. डाव्या बाजूचा पट्टा आणि उजव्या बाजूचा पट्टा समोरून पाहिले की एकाच जागी सुरू व्हायला हवेत. त्यासाठी नाळेपासून दोऱ्याने माप घेतलं, कारण बाजू वक्र आहे आणि पट्टी ताठ. केशरी आधी पांढऱ्यावर फिका पडला, तीन पातळ हातांनी भरला. अक्षरं छापील डेकलची (चिकटवायच्या छाप्यांची). बोटीचं नाव मात्र हाताने लिहिलं, 'तारा बाई', तीन मिमी उंच. लेकीने भिंग धरलं.

२१ सप्टेंबर, रविवार

रेल. खांब अर्ध्या मिमीच्या पितळी तारेचे, १४ मिमी उंच, त्यातून जाणाऱ्या दोऱ्या तीन. तांब्याची बारीक तार वापरून पाहिली. ती वाकली की बाक राहतो आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत वर्षभरात हिरवी पडते. काकांनी उपाय आणला. खारीवाड्यावरून तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा), सगळ्यात बारीक, ०.१२ मिमी. ७२ने गुणलं तर साडेआठ मिमी होतात, म्हणजे खऱ्या वायररोपच्या अगदी जवळ. ताणून, थेंबभर सुपरग्लू, करडा रंग. कुठेही सैल नाही.

खांब बसवताना काका शेजारी बसून होते. एका जागी म्हणाले, हयसर साखळी, दोरी नाय. माणसं चढा-उतरायची ती जागा, तिथली साखळी काढता येते. साखळीसाठी दोन बारीक तारा पिळून चपट्या केल्या.

५ ऑक्टोबर, रविवार

बंदरातली बोट पूर्ण करायची म्हणजे लहान लहान वस्तू. तोफेच्या तोंडावर कॅनव्हासची टोपी. टिश्यू पेपर गोंदात भिजवून, दोऱ्याने बांधून. बाजूला फेंडर (धक्क्याला घासू नये म्हणून लटकवायच्या उशा) चार. गँगवे, त्याला दोन्हीकडे रेल. डेकवर दोर वेटोळं घालून, सपाट, घड्याळाच्या दिशेने. शिडीपाशी एक बादली. बादली काकांनी मागितली. धुऊन झाल्यावर ती तिथेच पालथी असायची, पाणी निथळायला.

माणसं ठेवायची का, हे बराच वेळ ठरत नव्हतं. मी एक २४ मिमीचा नाविक करून ठेवला होता, एन्साइनसमोर सलाम करत. काकांनी तो उचलून बघितला आणि परत माझ्या हातात दिला. "कोणाक ठेवशात? एकाक ठेवलंस तर बाकीचे खंय गेले?" बोट रिकामी ठेवली.

खाली फणसाच्या लाकडाचे दोन ठोकळे, हलच्या वळणाप्रमाणे कोरलेले, वर पातळ फेल्ट. पंखे, सुकाणू, सगळं मोकळं दिसतं. बंदरातली घडी आणि उघडा तळ हे एकत्र तर्काला धरून नाही, पण काकांना अख्खी बोट बघायची होती.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज बोट पोचवली. गल्लीत पोरांचा नरकासुराचा पुतळा अर्धा उभा होता, हाताच्या जागी बांबू, आणि त्यांच्या गोंगाटातून मी आणि लेक पेटी दोघांनी धरून सावकाश खाली उतरलो.

काकींनी शोकेसवरून फुलदाणी हलवून जागा केली होती. बोट ठेवली. काका लांब उभे राहिले, पार दरवाजापाशी, जसे जेट्टीवर उभे राहत असतील. काही बोलले नाहीत. मग जवळ आले, मागे गेले, दुसऱ्या बाजूला आले. खाली बसून पंख्यांकडे पाहिलं. एक डोळा मिटून गाल पार शोकेसच्या फळीला लावला आणि नाळेकडून मागे बघत राहिले. "हां," म्हणाले. खूप वेळाने.

मग त्यांनी विचारलं, हात लावू का. मी हो म्हटलं, पण पोटात गोळा आला; तंगुसाच्या रेलला बोट लागलं तर महिन्याचं काम. त्यांनी डोळे मिटले. उजव्या हाताची दोन बोटं मागच्या डेकवर ठेवली आणि चालवायला लागले. गॅलीच्या दारापाशी थांबली. तिथून बाजूच्या अरुंद वाटेने पुढे, एका जागी बोटं उचलून पलीकडे ठेवली, आणि मी पाहिलं की तिथे व्हेंटिलेटर होता. शिडीचं बूड टाळलं. ब्रिजच्या खालून वळून तोफेपर्यंत. भरणाऱ्याच्या फळीवर, मी चिकटवलेल्या सहा पट्ट्यांवर, बोटं उभी राहिली. रात्रीच्या अंधारात बोलावणं आलं की हीच वाट, डोळे उघडून उपयोग नसायचा, असं डोळे उघडल्यावर त्यांनी सांगितलं. रेलची एकही दोरी हलली नव्हती.

काकींनी चहा आणला. काकांचा कप तसाच थंड झाला.

निघताना मी केसचं बोललो. ॲक्रिलिकची, चारही बाजू बंद, म्हणजे धूळ आणि खारी हवा आत जायला नको. मापं घेतली: ७०० बाय १८०, उंची ३२०. काका मध्येच म्हणाले, समोरची काच बंद करू नकोस, कब्जे लाव. मी म्हटलं धूळ जाईल आत. "जाऊ दे. शनिवारी काढतलंय," ते म्हणाले. शनिवारी बोटीवर कॅप्टनचे राउंड असायचे, त्याआधी सगळं लखलखीत व्हायचं.

कब्जे पितळी, २० मिमीचे, दोन. आणि त्यांच्यासाठी मऊ केसांचा ब्रश, शून्य नंबरचा, उद्या वास्कोतून आणायचा.